वाद आईबाबांचा, अपराधी वाटतं मुलीला

"आम्ही तिच्या भल्यासाठीच वाद घालतो, मग ती आमच्यापासूनच का तुटत चाललीय?" समुपदेशनाला येणारे बरेच पालक मला हे विचारतात. एका आईबाबांनी विचारलं तेव्हा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीचं पोट वरचेवर दुखायचं आणि तपासण्यांत काही निघत नव्हतं.

वाद मोबाइलचा. आई रात्री दहाला फोन काढून घ्यायची, बाबा "एवढं काय त्यात" म्हणत परत द्यायचे. मग आवाज चढायचे. "तुम्हीच लाडावून ठेवलंय." "तू तिला श्वास घेऊ देत नाहीस."

मुलगी माझ्याशी एकटी बोलायला बसली तेव्हा म्हणाली, "आता फोन मीच नऊला बंद करून टेबलावर ठेवते. तरी भांडतात. मी नसते तर त्यांचं बरं चाललं असतं."

असं वाक्य ऐकून पुढे जायचं नसतं. जीव द्यावासा वाटतो का, हे मी तिला सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. ती "नाही" म्हणाली, तरी पुढच्या भेटींतही मी विचारत राहिले.

ग्रिच आणि फिंचम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं की मुलं आईवडिलांच्या भांडणाचा स्वतःपुरता अर्थ लावतात. पैशांवरून भांडण झालं तर मूल घाबरतं. भांडण मुलावरूनच झालं तर ते घाबरतंच, शिवाय स्वतःला दोषी धरतं. काही मुलं आईबाबांमधल्या या फटीचा फायदा घेतात, आईने नाही म्हटलं की बाबांकडे जातात. पालकांना तेवढंच दिसतं. हिच्यासारखी मुलं मात्र कुणाच्या नजरेत येत नाहीत.

मतभेद संपवा, असं मी सांगितलं नाही. झोप हवी हे आईचं खरं, विश्वास हवा हे बाबांचंही खरं. फक्त ठरवायचं ते तिच्या माघारी, सांगायचं दोघांनी मिळून आणि तिच्यासमोर एकमेकांचा शब्द मोडायचा नाही. भांडण तिच्यादेखत झालंच, तर ते मिटलेलंही तिला दिसू द्यायचं. आणि "यात तुझी चूक नाही" हे तोंडाने म्हणायचं. मनात असून पुरत नाही. बाबांना तेच सर्वांत जड गेलं. माझ्यासमोर ते म्हणाले, पण खाली बघत.

काही आठवड्यांनी तिने सुट्टीच्या आदल्या रात्री अर्धा तास जास्त मागितला. "बोलून सांगतो," दोघंही म्हणाले. पोटदुखी कमी झालीय, पूर्ण गेलेली नाही. भेटी चालू आहेत.