वाचकांचे प्रश्न : घरच्या गॅरेजला इम्पॅक्ट रेंच कोणता घ्यावा?

प्रश्न : घरामागे पत्र्याचं शेड आहे, त्यात एक छोटी कार आणि एक स्कूटर असते. चाकं काढणं, ब्रेक पॅड बदलणं एवढं घरीच करतो. इलेक्ट्रिक इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देऊन नट फिरवणारं यंत्र, घ्यायचा आहे. बाजारात ३०० न्यूटन मीटरपासून (हे पिळण्याच्या जोराचं माप) १००० पर्यंत आकडे दिसतात. किती ताकदीचा घ्यावा, आणि वायरचा की बॅटरीचा? (एक वाचक, अनगोळ, बेळगाव)

उत्तर : आधी नटाचा हिशेब करा, यंत्राचा मग. छोट्या कारच्या चाकाचा नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरवर आवळायचा असतो. गॅरेजच्या भाषेत पावणेनऊ ते सव्वाअकरा किलो, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकावर तेवढं वजन. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात मिळेल. सोडवताना मात्र गंज, धूळ आणि आधीच्या माणसानं काढलेला राग, असं सगळं मिळून दुप्पट-अडीचपट जोर लागू शकतो. एक फुटी एल पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला की सुमारे २०० न्यूटन मीटर होतात. पान्यावर उभं राहून नट सुटत असेल, तर खरे ३०० ते ४०० देणारं यंत्र तुम्हाला पुरून उरतं.

‘खरे’ म्हणायचं कारण असं, की खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा नट सोडवण्याचा असतो. आवळण्याचा आकडा त्याहून कमी असतो आणि तो आत, बारीक अक्षरांत. दोन यंत्रांची तुलना करायची तर एकाच प्रकारच्या आकड्यांची करा. ड्राइव्ह, म्हणजे गोटी (सॉकेट) बसते ते चौकोनी टोक, अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती घ्या. १७, १९, २१ च्या गोट्या त्यालाच मिळतात. हजार न्यूटन मीटरचं यंत्र बॅटरीसकट तीन किलोच्या आसपास जातं. ते मडगार्डखाली वाकड्या हातानं धरून बघा, आकड्याची हौस तिथंच फिटेल.

वॉटवरूनही ताकद ठरवू नका. नामवंत कंपन्यांची ४०० वॉटची वायरची यंत्रं ३५० न्यूटन मीटर देतात, आणि १००० वॉटची स्वस्त यंत्रंही तेवढ्याच्याच गप्पा मारतात. या यंत्रात मोटर नट सरळ पिळत नाही. ती एक हातोडा फिरवते, नट अडला की स्प्रिंग दाबून तो हातोडा मागे सरकतो आणि मिनिटाला दोन-तीन हजार वेळा ऐरणीवर (गोटी धरणाऱ्या भागावर) आदळतो. म्हणून जोर नटाला बसतो, मनगटाला झटका बसत नाही. हातोड्याच्या ठोक्याची ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं, की वायरचं यंत्र नुसतं हळू होत नाही, फुसकं होतं. बिघाड समजून दुकानात नेण्याआधी मीटर लावून बघा.

वायर की बॅटरी? एखाद्या कंपनीचा १८ व्होल्टचा बॅटरीचा ड्रिल घरात असेल, तर त्याच कंपनीच्या रेंचची नुसती बॉडी घ्या, बॅटरी बहुधा तीच चालेल. काहीच नसेल आणि वर्षातून चार-पाच वेळाच चाक निघत असेल, तर आमचं मत वायरच्या बाजूनं. बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते, वायर होत नाही. १००० वॉटचं यंत्र साडेचार अँपियरच्या आत घेतं, म्हणजे घरचा साधा पाच अँपियरचा सॉकेट पुरतो. एक्स्टेन्शन मात्र गुंडाळी पूर्ण सोडूनच वापरा, नाहीतर वायर तापते. करंट गेल्यावर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ते लावू नका, ट्रिप होईल. चोर्ला घाटात पंक्चर झाली तर वायरचं यंत्र उपयोगाचं नाही, हे खरं. पण त्यासाठी डिकीत एल पाना आहेच.

प्रश्न : स्वस्त यंत्रांवर ४८, ८८, असे व्होल्ट लिहिलेले असतात. ती १८ व्होल्टवाल्यांपेक्षा ताकदवान का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही. चार्जरवर बघा, तिथं बहुधा २१ व्होल्ट लिहिलेलं असेल. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पाच सेल म्हणजे २१. तेच पाच सेल सरासरी ३.६ नं मोजले तर १८, आणि भरल्यावर चार्जर काढून थोडे स्थिरावले की २०. म्हणजे १८ आणि २० एकच, आणि ४८-८८ हे स्टिकर. व्होल्टऐवजी अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीतला साठा, बघा. २ च्या पॅकमध्ये बहुधा पाच सेलची एकच ओळ असते, ४ च्यात दोन. दोन ओळी जास्त करंट देतात, म्हणून तेच यंत्र ४ च्या पॅकवर जास्त जोरात ठोकतं.

प्रश्न : माझ्याकडे इम्पॅक्ट ड्रायव्हर (स्क्रू पिळायचं छोटं यंत्र) आहे. अडॅप्टर लावून चाकाचे नट काढता येतील का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : स्कूटरचे निघतील. कारचे निघाले तर नशीब. पाव इंची अडॅप्टर मध्येच तुटतो आणि तुकडा चकमध्ये अडकतो.

प्रश्न : पावसाळा संपला की गाडीखालचे बोल्ट गंजून जाम होतात. इम्पॅक्ट लावला की नट सुटण्याऐवजी बोल्टच तुटतो. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : खानापूरच्या पावसात हे व्हायचंच, पण अर्धा दोष यंत्र चुकीच्या बोल्टला लावण्याचा आहे. आठ एमएमचा, म्हणजे १२ किंवा १३ च्या पान्याचा साधा ८.८ ग्रेडचा बोल्ट पंचविसेक न्यूटन मीटरवर आवळतात आणि पस्तीस-चाळीसच्या आसपास तो मोडतो. त्यावर ३०० चं यंत्र म्हणजे पहिल्या सेकंदात काम तमाम. १३ पर्यंतच्या डोक्याला हाताचाच पाना. १४ च्या पुढे, तेही पोलादी भागांत, यंत्र. स्पार्क प्लग, ऑइलचा ड्रेन प्लग आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेल्या कुठल्याच बोल्टला ते लावू नका; आटे निघून येतील.

मोठ्या जाम बोल्टची रीत अशी. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशनं साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. ब्रेक डिस्कवर तेल उडू नये म्हणून कापड धरा. सकाळी आधी आवळायच्या दिशेनं अगदी छोटा ठोका द्या, गंजाची पकड तिथं मोडते. मग उलट, तीन-चार सेकंदांच्या हप्त्यांनी. नट अर्धा फेरा येऊन पुन्हा कडक झाला, तर जबरदस्ती करू नका. परत आत घाला, तेल मारा, पुन्हा बाहेर काढा. गंजाचा चुरा आट्यांत दाबला जातो आणि बोल्ट तुटतो तो तिथंच. गोटी सहा कोनीच वापरा, बारा कोनी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. जुनी जीप असेल तर डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असू शकतात. स्टडच्या (चाकाचा नट ज्यावर चढतो त्या बोल्टच्या) टोकावर एल अक्षर आहे का ते पाहून मगच ट्रिगर दाबा.

प्रश्न : रोटाव्हेटरची पाती बदलायला हे यंत्र चालेल का? (एक शेतकरी, चिकोडी)

उत्तर : चालेल, आणि घरच्या गाडीपेक्षा तुम्हालाच त्याचा जास्त फायदा आहे. बेचाळीस पात्यांच्या रोटाव्हेटरला प्रत्येकी दोन धरले तर ८४ बोल्ट होतात. बॅटरीचं घ्या, शेतात ओढायला वायर कुठून आणणार? पॅक मात्र दोन ठेवा.

ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा दांडा) जोड काढलेला आणि रोटाव्हेटरखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. आट्यांतली वाळलेली माती खरवडून काढा, नाहीतर नट अर्ध्यात फसेल. पलीकडून बोल्टचं डोकं धरायला रिंग पाना लावाल, तो हातात धरू नका. नट अडला की बोल्ट पान्यासकट फिरतो आणि बोटं पाना व पात्याच्या मध्ये चेंगरतात. पान्याची दांडी शेजारच्या पात्याला टेकवा आणि हात बाजूला. जुने नट-बोल्ट परत घालण्यात बचत नाही. सैल झालेलं पातं फ्लँजची, म्हणजे पाती बसतात त्या तबकडीची, भोकं लांबट करतं, आणि मग फ्लँजच बदलावा लागतो.

प्रश्न : घरातल्या चकचकीत गोट्या यंत्राला चालतील का? आणि टायरवाले मशीननंच नट आवळतात, मग मी का नको? (एक वाचक, वडगाव)

उत्तर : चकचकीत गोट्या हाताच्या आहेत. क्रोम व्हॅनेडियमचं पोलाद कडक असतं, ठोक्यांनी तडकतं, आणि तुकडा डोळ्याकडे येतो. काळ्या, जाड भिंतीच्या क्रोम मॉलिब्डेनमच्या इम्पॅक्ट गोट्या घ्या. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली लांब गोटी. चष्मा आणि कानात बोळे हवेतच. पत्र्याच्या शेडमध्ये हा आवाज फार घुमतो.

आवळण्याबद्दल : तो टायरवाला दिवसात चाळीस चाकं बघतो, त्याच्या हातून तुमचा स्टड ताणला गेला तरी ते तुम्हाला पुढच्या पंक्चरला कळतं. एक नट दोनशेवर आणि शेजारचा ऐंशीवर बसला की डिस्क वेडीवाकडी ताणली जाते, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. नट तीन-चार आटे हातानं चढवा. मग यंत्राच्या सगळ्यात कमी वेगावर फक्त टेकवा, समोरासमोरच्या क्रमानं. गाडी जॅकवरून उतरवून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं (लावलेल्या आकड्यापर्यंतच आवळता येणारा पाना) करा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. आट्यांना ऑइल लावू नका. पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या आट्यांचा असतो, ऑइल लावून त्याच आकड्यावर आवळलं तर स्टडवर ताण कितीतरी जास्त येतो. पैसे मोजकेच असतील तर यंत्र एक पायरी खालचं घ्या, टॉर्क रेंच सोडू नका. तो वापरून झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, स्प्रिंग ताणलेली ठेवून नाही.