०.४२ हा आकडा कोणत्या एककातला आहे, ते आधी पाहा

स्टेंट बसवून सात महिने झाले, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ६८ वर आले, सीआरपी ही शरीरातला दाह (आतली सूज) दाखवणारी रक्तचाचणी ०.४२ म्हणजे एकच्या आत, तेव्हा दाहाचा प्रश्न मिटला असे समजावे काय आणि परिचितांनी सुचवलेली कोल्चिसिन ही दाह कमी करणारी गोळी घ्यावी काय, असे तुम्ही विचारले आहे. ते वाचताना मला माझाच जुना अहवाल डोळ्यांसमोर दिसला. स्टॅटिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतीलच, असे धरून चालतो.

मी डॉक्टर नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतरची नऊ वर्षे स्वतःचे कागद वाचत आलेला रुग्ण आहे. माझा आकडा ०.३८ होता. शेजारी ‘१.० पेक्षा कमी’ अशी मर्यादा छापलेली होती आणि सीआरपी एकच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, एक ते तीन मध्यम व तीनच्या वर जास्त, हे मी नुकतेच वाचले होते. दोन्हीकडे एकच आकडा दिसल्याने मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात मी वाचलेली मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमधली होती आणि अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, म्हणजे माझे ०.३८ हे खरे तर ३.८ होते. ही दहापटीची चूक सव्वा वर्ष कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण दर भेटीत कागद पुढे करण्याऐवजी मी तोंडीच ‘सीआरपी पॉइंट अडतीस’ असे सांगत असे. तेवढ्या भरवशावर हिरड्यांचा जुनाट आजारही मी अंगावर काढला.

शिवाय ती चाचणी साधी सीआरपी होती, हृदयासाठी करतात ती अतिसंवेदनशील म्हणजे एचएस-सीआरपी नव्हे. हे विचारायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीवरून ‘मर्यादेत आहे ना, मग काळजी कशाला?’ एवढेच उत्तर मिळाले. जंतुसंसर्ग शोधण्यासाठी ठरवलेली मर्यादा हृदयरुग्णाच्या हातात विनाखुलासा ठेवणे मला आजही बेजबाबदारपणाचे वाटते.

एवढा त्रागा करण्याचे कारण असे की, दाहामुळे झटक्याचा धोका वाढतो, हा मुद्दा आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्टॉस चाचणीत आधी झटका येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी किमान २ मिलिग्रॅम प्रति लिटर असलेले १०,०६१ रुग्ण होते. दाह चेतवणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे शरीरातले द्रव्य रोखणारे औषध कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम दिल्यावर एलडीएल जवळजवळ जागचे हलले नाही, तरीही झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. पुढे मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहशामक औषधाच्या अल्प मात्रेवर झालेल्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही. त्यामुळे दाह कमी करणारे कोणतेही औषध हृदयाला चालते, हा समज सोडून द्यावा. सांधेदुखीवरच्या गोळ्याही दाहशामकच असतात, पण त्यांतल्या अनेकांनी झटक्याचा धोका वाढतो. त्यांतले रोफेकॉक्सिब तर २००४ मध्ये याच कारणाने बाजारातून मागे घेतले गेले.

कोल्चिसिनचा पुरावा संमिश्र आहे. स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ रुग्णांवरील २०२० च्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटक्यासारख्या घटनांचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. २०२४ मध्ये, झटक्यानंतर लगेच ते सुरू केलेल्या सात हजारांवर रुग्णांत मात्र फरक आढळला नाही. तुम्ही दुसऱ्याऐवजी पहिल्या गटाजवळचे वाटता, पण हे माझे मत आहे, सल्ला नव्हे.

आधी सर्दी, ताप, दातदुखी काहीही नसताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा एचएस-सीआरपी करून घ्या आणि मूळ कागदच डॉक्टरांपुढे ठेवा. आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १० च्या वर आला तर तो हृदयाचा न मानता आधी संसर्ग शोधावा लागतो. गोळी सुरू करायचे ठरलेच, तर त्याआधी मूत्रपिंडाची चाचणी करून घ्या आणि पुढे घशासाठी दुसऱ्या कोणाकडे गेलात तरी ती चालू असल्याचे प्रथम सांगा, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर कोल्चिसिनचे रक्तातले प्रमाण प्राणघातक पातळीपर्यंत चढू शकते.