जेनेसिस: आधी 'सेलिंग इंग्लंड', मग 'फॉक्सट्रॉट'

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचे सत्तरच्या दशकातले अल्बम आपण नुकतेच क्रमाने ऐकून काढले, बहुतेक जाणकार 'फॉक्सट्रॉट' किंवा 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' यांना पहिला मान देतात, आपल्याला मात्र 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो, तर आपल्या ऐकण्यात काही उणे राहते आहे का, आणि गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडल्यानंतरचे अल्बम ऐकण्याजोगे आहेत का? उणे काहीही राहत नाही. माझाही क्रम आपल्यासारखाच आहे. तो तसा ठरायला मात्र मला बरीच वर्षे लागली आणि त्याला एक कॅसेट कारणीभूत आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका मित्राच्या थोरल्या भावाने मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून दिली होती. एका बाजूला १९७१ चा 'नर्सरी क्राइम' होता. तो जेमतेम चाळीस मिनिटांचा असल्यामुळे फीत पुरून उरली होती. दुसऱ्या बाजूला 'सेलिंग इंग्लंड' होता आणि तो त्रेपन्न मिनिटांहून मोठा आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या फितीवर त्रेपन्न मिनिटे मावणार कशी? 'द सिनेमा शो' सुरू होऊन चार-पाच मिनिटे होतात न होतात तोच बटण खट्कन वर यायचे. गाणे तिथेच संपत आले असावे, शेवटचे एखादे कडवे राहिले असेल, असे मी खुशाल धरून चाललो होतो. कामावरून परतलेली ज्युलिएट, तळघरातल्या खोलीला कुलूप लावून निघालेला रोमिओ, त्यांची संध्याकाळची भेट आणि साथीला बारा तारांच्या गिटारी, एवढेच ते गाणे माझ्या लेखी होते. गोड, पण किरकोळ. अल्बमबद्दलचे माझे मतही तेवढेच किरकोळ होते आणि 'फॉक्सट्रॉट' माझ्या यादीत निर्विवाद पहिला होता. पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सीडी हाती आली, तेव्हा कळले की गाणे अकरा मिनिटांचे आहे आणि त्याचा खरा भाग माझ्या फितीवर कधी उतरलाच नव्हता.

सहाव्या मिनिटाच्या आसपास गायन थांबते आणि सात मात्रांचे आवर्तन सुरू होते. फिल कॉलिन्सचे ड्रम, माइक रदरफोर्डची गिटार आणि त्यांच्यावर टोनी बँक्सचा सिंथेसायझर, एवढेच तिथे वाजत असते. गिटारवादक स्टीव्ह हॅकेट जवळजवळ बाजूला उभा आहे आणि गॅब्रिएल तर नाहीच. रूपक तालाची सवय असलेल्या आपल्या कानाला सात मात्रा परक्या वाटत नाहीत; पश्चिमेकडच्या रॉकच्या श्रोत्याला जिथे अडखळल्यासारखे होते, तिथे आपली मान आपोआप डोलू लागते. तुलना मात्र इथेच थांबवावी. इथे समेवर येऊन विसावण्याची ओढ नाही. बँक्सची सुरावट आवर्तनाच्या सीमा ओलांडून पसरत जाते, दरवेळी थोडी वरच्या पट्टीत चढते, आणि कॉलिन्स खालून तिला सतत नवे टेकू देत राहतो. शेवटी हे सगळे विरत 'आइल ऑफ प्लेंटी' या दीड मिनिटाच्या तुकड्यात उतरते, अल्बमच्या पहिल्या गाण्याची चाल परत येते आणि शब्दांत ब्रिटिश किराणा दुकानांच्या नावांवरच्या कोट्या ऐकू येतात. ही सहा-सात मिनिटे ऐकल्यावर माझ्या मनातला क्रम उलटा झाला, कारण जेनेसिस हा मुळात वाद्यांच्या एकत्रित विणीचा बँड आहे, हे मला तेव्हा उमगले. त्या विणीवरून अल्बम पारखू लागलो की 'सेलिंग इंग्लंड' वर येतो, 'फॉक्सट्रॉट' थोडा खाली सरकतो आणि गॅब्रिएलनंतरचे दोन अल्बम चकित करतील इतके वर चढतात.

ही वीण कुठून आली हे पाहायचे असेल, तर १९७० च्या 'ट्रेसपास'कडे जावे लागते. आपण तो 'कच्चा' म्हणून बाजूला ठेवल्याचे लिहिले आहे. ड्रमपुरते ते खरेही आहे. कॉलिन्स तेव्हा यायचा होता. परंतु 'स्टॅग्नेशन' हे गाणे एकदा हेडफोन लावून शांतपणे ऐकावे. रदरफोर्ड आणि अँथनी फिलिप्स हे दोघे बारा तारांच्या गिटारी एकमेकांत अशा गुंफतात, की कोणती तार कोणाची हे सांगता येत नाही. ही मंडळी चार्टरहाउस या निवासी शाळेतली. तिथेच त्यांनी एकत्र गाणी रचायला सुरुवात केली आणि ती सवय त्यांच्या वाजवण्यात शेवटपर्यंत राहिली. फिलिप्सला मंचावर वाजवण्याची धास्ती बसली आणि तो त्याच वर्षी बाहेर पडला. त्याच्या जागी पुढे हॅकेट आला. पण बँडच्या आवाजातला फिलिप्सचा वाटा बँडमध्येच राहिला. 'नर्सरी क्राइम'मधले 'द म्युझिकल बॉक्स', 'सिनेमा शो'चा पूर्वार्ध, पुढच्या काळातले 'एंटँगल्ड', 'रिपल्स' या सर्वांच्या मुळाशी ती जोडगिटार आहे. फिलिप्सला याचे श्रेय फार थोडे लोक देतात.

'सेलिंग इंग्लंड'कडे परत येतो. पहिले गाणे गॅब्रिएलच्या बिनसाथीच्या आवाजाने उघडते आणि पाहता पाहता हॅकेट दोन्ही हातांची बोटे गिटारच्या मानेवर आपटून वेगवान सुरावटी काढू लागतो. हे १९७३ मधले वादन आहे. या तंत्राचा जगभर गाजावाजा झाला तो १९७८ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकी बँडच्या पहिल्या अल्बमनंतर. 'फर्थ ऑफ फिफ्थ' हे स्कॉटलंडमधल्या फोर्थ नदीच्या मुखावरून केलेल्या शाब्दिक कोटीचे शीर्षक आहे आणि शब्दांच्या बाजूने त्यात फारसे काही नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण बँक्सच्या पियानोने होणारी सुरुवात पाहावी. दोन मात्रांच्या सरळ खंडांच्या मध्ये तेरा आणि पंधरा सोळांशांचे (म्हणजे पाव मात्रांचे) खंड येतात, तरीही ऐकणाऱ्याला कुठे ठेच लागत नाही. मधल्या भागात बासरीवर एक साधी, उदास चाल येते, आणि काही मिनिटांनी तीच चाल हॅकेटच्या गिटारवर विस्तारून परत येते. त्या गिटारवादनात वेगाचे नाव नाही. एकेक स्वर लांबवून, त्याला हलकेच कंप देत तो पुढे जातो. माझ्या मते हॅकेटचे यापेक्षा चांगले वादन कोणत्याही अल्बमवर नाही.

हा अल्बम निर्दोष मात्र नाही. 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट' हे जवळजवळ बारा मिनिटांचे, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या टोळीयुद्धावरचे गाणे मला आजही दमवते. संगीतावर शब्दांची एवढी गर्दी झाली आहे की वाद्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. गॅब्रिएल एकामागून एक पात्रांचे आवाज काढत राहतो आणि त्याच्या मागे चाललेले उत्तम संगीत वाया जाते. माझ्या कॅसेटवर 'एपिंग फॉरेस्ट' संपूर्ण होते आणि 'सिनेमा शो' अर्धे, हा योगायोग मी त्या भावाला अजून माफ केलेला नाही.

'फॉक्सट्रॉट'विषयी बोलताना माझा आवाज खाली येतो, कारण तो मोठा अल्बम आहे यात मला शंका नाही. 'वॉचर ऑफ द स्काइज'च्या आरंभी मेलोट्रॉनवर (फितींवर मुद्रित केलेले वाद्यांचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डवर) येणारे ते जड, ढगाळ स्वरसमूह ऐकल्यावर पुढे काय येणार याची उत्कंठा आजही वाटते. 'होरायझन्स' हा हॅकेटचा दीड मिनिटाचा एकल तुकडा बाख या जर्मन संगीतकाराने चेलोसाठी लिहिलेल्या एका प्रेल्यूडवरून (आरंभीच्या रचनेवरून) सुचलेला आहे आणि त्याला लागूनच तेवीस मिनिटांचे, सात भागांचे 'सपर्स रेडी' सुरू होते. त्यातला नऊ मात्रांचा भाग, ज्यात बँक्सचा ऑर्गन खालच्या तालाला जणू न जुमानता स्वतःच्या चालीने फिरत राहतो आणि मग गॅब्रिएलचा आवाज अचानक वरून कोसळतो, तो मी कितीही वेळा ऐकू शकतो. पण हे सात तुकडे नंतर शिवलेले आहेत आणि एकदोन ठिकाणी टाके दिसतात. विशेषतः 'विलो फार्म'च्या आधी संगीत सरळ थांबते. शिवाय पहिल्या बाजूवरचे 'टाइम टेबल' मला भरीचे वाटते. 'फॉक्सट्रॉट'ची कीर्ती मंचावरच्या दृश्यांशीही जोडली गेली आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात गॅब्रिएल बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचे डोके घालून मंचावर आला, त्याचे छायाचित्र 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर झळकले, आणि तेव्हापासून जेनेसिस म्हणजे मुखवटे हे समीकरण रूढ झाले. मुखवटा अल्बममध्ये ऐकू येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

'द लॅम्ब' हा १९७४ चा जोडअल्बम माझ्या क्रमात चौथा किंवा पाचवा येतो, आणि यावर मला नेहमी ऐकून घ्यावे लागते. न्यू यॉर्कमधल्या रेएल नावाच्या पोर्तो रिकन तरुणाची ती कथा. शब्द जवळजवळ संपूर्ण गॅब्रिएलने एकट्याने लिहिले, तर संगीत बाकीच्यांनी हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत बसून रचले. ही फारकत ऐकू येते. पहिल्या तबकडीवर ती फायद्याची ठरते: 'फ्लाय ऑन अ विंडशील्ड'मधला तो एकाएकी कोसळणारा आघात आणि 'इन द केज'मधली घुसमट यांना तोड नाही. दुसऱ्या तबकडीवर कथा पुढे रेटण्यासाठी संगीत ताणले जाते आणि काही तुकडे दोन प्रसंगांमधली जागा भरण्यापुरते येतात. एक तबकडी असती, तर मी तिला कदाचित पहिला क्रमांक दिला असता. या अल्बमचे १०२ कार्यक्रम झाले आणि १९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडला.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. १९७६ मध्ये या बँडने दोन अल्बम काढले, फेब्रुवारीत 'अ ट्रिक ऑफ द टेल' आणि डिसेंबरात 'विंड अँड वदरिंग', आणि हे दोन्ही माझ्या पहिल्या चारांत आहेत. गायकाचा शोध घेऊन झाल्यावर शेवटी ड्रमर कॉलिन्सच गायला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यामुळे हे अल्बम म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड असा समज होतो, तो साफ चुकीचा आहे. 'डान्स ऑन अ व्होल्केनो' लावून पाहावे. पुन्हा सातच मात्रा, पण 'सिनेमा शो'तला तरंगतेपणा जाऊन त्यांना धार आली आहे. 'लॉस एंडोस' या अखेरच्या वाद्यरचनेत अल्बममधल्या चाली परत फिरून येतात आणि ती विरत असताना, नीट कान दिला तर, कॉलिन्स 'सपर्स रेडी'तले शब्द गुणगुणताना ऐकू येतो. गेलेल्या मित्राला निरोप द्यावा, तसे ते वाटते.

'विंड अँड वदरिंग' हॉलंडमध्ये ध्वनिमुद्रित झाला. तो पावसाळी दुपारी ऐकण्याचा अल्बम आहे. दहा मिनिटांचे 'वन फॉर द व्हाइन' हे बँक्सच्या एकट्याच्या रचनांपैकी मला सर्वांत घट्ट विणलेले वाटते. 'ब्लड ऑन द रूफटॉप्स'च्या आधी हॅकेट नायलॉनच्या तारांच्या गिटारवर जे मिनिटभर वाजवतो, त्यासाठी तरी हा अल्बम घरात असावा. आपल्या रचनांना अल्बममध्ये पुरेशी जागा मिळत नाही ही त्याची तक्रार होती. १९७७ मध्ये तो बाहेर पडला आणि तिघे उरले. गंमत अशी, की 'सिनेमा शो'चा उत्तरार्ध चार वर्षे आधी याच तिघांनी वाजवला होता.

त्यानंतरच्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो. 'अँड देन देअर वेअर थ्री' मला सपाट वाटतो. १९८० चा 'ड्यूक' आवर्जून ऐकावा. त्यातले 'टर्न इट ऑन अगेन' तेरा मात्रांचे असूनही ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेले, आणि त्यावर नाचू पाहणाऱ्यांचे पाय का चुकतात हे त्यांना कधी कळले नसावे. ऐंशीच्या दशकातल्या अल्बमांत 'होम बाय द सी' आणि 'डॉमिनो' एवढी दोन लांब गाणी मी अजून लावतो.

कोणती आवृत्ती घ्यावी, हेही आपण विचारले होते. २००७-०८ मध्ये निक डेव्हिस या ध्वनितंत्रज्ञाने या अल्बमांचे नव्याने मिश्रण केले, म्हणजे मुद्रित वाद्यांचे आवाज नव्याने जुळवले. त्यात बास आणि ड्रम स्पष्ट झाले, पण सगळेच पुढे येऊन बसल्यामुळे बारा तारांच्या गिटारींमधली हवा हरवली असे मला वाटते. १९९४ च्या सीडी जुन्या मिश्रणाच्या आहेत आणि माझ्या संग्रहात त्याच आहेत. त्यांच्या जोडीला १९७७ चा 'सेकंड्स आउट' हा पॅरिसमधल्या कार्यक्रमांचा अल्बम घ्यावा. त्यातले 'सिनेमा शो' तेवढे आधीच्या वर्षीचे, म्हणजे १९७६ चे आहे आणि ड्रमवर त्या दौऱ्यापुरता आलेला बिल ब्रुफर्ड आहे. सात मात्रांचा भाग सुरू झाला की कॉलिन्स गायकाची जागा सोडून मागे आपल्या ड्रमवर जाऊन बसतो आणि पुढची पाच-सहा मिनिटे दोघे मिळून वाजवतात.

(ता. क. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर 'सेकंड्स आउट'ही उतरवू नये. जोडअल्बम आहे, पाच मिनिटे जास्त होतात.)