गावातली जिल्हा परिषद शाळा पाडून दोन वर्षं झाली, नवी बांधतच नाहीत. आम्ही काय करावं?

तुम्ही लिहिलंय की धोकादायक म्हणून शाळेच्या तीन खोल्या पाडल्या, मुलं समाजमंदिरात बसतात, विचारायला गेलं की 'पुढच्या महिन्यात काम सुरू होईल' एवढंच सांगतात. आणि आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो टाळं ठोका, दुसरा म्हणतो वर्गणी काढून आपणच बांधू. मी यातून गेले आहे. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं गाव कोकणात, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ ज्या पट्ट्यातून गेलं त्यातलं. शाळा चिऱ्याची, चार खोल्यांची, वर मंगलोरी कौलं. त्या दुपारी दोन खोल्यांचं छप्पर वाशांसकट उडालं आणि मधली भिंत वरपासून पायापर्यंत चिरली. कोरोनामुळे शाळा बंद होती म्हणून कुणा मुलाला इजा झाली नाही. पण शाळा बंद असल्यामुळेच तिची घाईही कुणाला वाटली नाही. घराघरावर ताडपत्री होती, सुपारी-आंब्याच्या बागा आडव्या झालेल्या. मीही तेव्हा आधी माझ्या घराची कौलं बघत होते. डिसेंबर 2021 मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला लागले तेव्हा कळलं की मुलांना बसवायचं कुठे हाच प्रश्न आहे.

देवळाच्या सभामंडपात बसवलं. चार इयत्ता, दोन शिक्षक, एकच मंडप. दुसरीचे पाढे सुरू झाले की चौथीचं वाचन थांबायचं. शिमगा आला, सप्ता बसला की फळा उचलून कुणाच्या तरी पडवीत न्यायचा. शौचालय जुन्या शाळेच्या मागे, चिरलेल्या भिंतीच्या कडेनेच वाट, म्हणून आम्ही ती वाट बंद केली. मग मुली दिवसभर पाणीच पीत नसत. माझ्या मुलीने हे मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. आजही ते आठवलं की मला बरं वाटत नाही.

दोन वर्षांत पट 31 वरून 19 वर आला. ज्यांना गाडीचं भाडं परवडत होतं त्यांनी मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. त्यांना मी दोष देत नाही. पण मग एका बैठकीत तोच पट आमच्यासमोर ठेवून विचारलं गेलं की एवढ्याशा मुलांसाठी नव्या खोल्या कशाला? त्याच सुमारास, 2023 मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या हालचाली राज्यात सुरू झाल्या होत्या. खोल्या नाहीत म्हणून मुलं गेली होती, आणि आता मुलं कमी म्हणून खोल्या नकोत असं आम्हालाच ऐकवलं जात होतं. तेव्हा पहिली गोष्ट ही सांगते: बांधकामाच्या मागे लागाल तितकंच मुलांना एका जागी धरून ठेवण्याच्या मागे लागा. समाजमंदिरात पार्टिशन घाला, मुलींसाठी जवळ शौचालय करा, पाण्याची सोय करा. हे थांबू शकत नाही.

आता फाइलचं. 'शाळा कधी होणार?' हा प्रश्न आम्ही दोन वर्षं विचारला आणि प्रत्येक टेबलावरून खरं वाटेल असं उत्तर मिळत गेलं, कारण प्रत्येक टेबलाचा वाटा वेगळा असतो. आधी जुन्या इमारतीचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून काढून पाडायची परवानगी. त्याला समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, अभियंत्याचा तपासणी अहवाल लागतो. तुमच्या खोल्या पाडल्यात म्हणजे हे झालेलं असावं, तरी आदेशाची प्रत मागून घ्या. मग नव्या खोल्यांचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात. पैसा येणार जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा समग्र शिक्षा योजनेतून. पैसा ठरला की प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. तुम्हाला फक्त एवढंच शोधायचंय की फाइल यातल्या कोणत्या पायरीवर बसली आहे.

आमची कुठे बसली होती सांगू? सातबाऱ्यावर. शाळेची जागा गावातल्या एका घराने फार पूर्वी तोंडी दिलेली. बक्षीसपत्र झालंच नव्हतं. सातबाऱ्यावर कधीच वारलेल्या आजोबांचं नाव, आणि खाली वारस निघाले 23, त्यातले बहुतेक मुंबई, विरार, दिव्याला. कुणाचाही विरोध नव्हता. पण जागा जिल्हा परिषदेच्या नावावर नाही म्हणून प्रस्ताव परत आलेला, आणि ते पत्र एका फायलीत तसंच पडून होतं. आम्हाला ते माहिती अधिकारात कळलं. मग तलाठ्याकडे वारसनोंद केली आणि गणपतीची वाट पाहिली, कारण गणपतीला सगळे येतात. त्या पाच दिवसांत घरोघर फिरून आधी सगळ्यांची संमती घेतली. एक काकी नव्वदीच्या, त्यांनी अंगठा देताना विचारलं, "माझ्या सासऱ्यांचं नाव लावाल ना रे कुठेतरी?" लावायचं कबूल केलंय. पुढे बक्षीसपत्र नोंदवायलाही बरेच महिने गेले, पण निदान आता गाव काहीतरी करत होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना 'विलंब का झाला?' असं लिहू नका. कारण विचारलं की गुळगुळीत उत्तर येतं. कागद मागा: प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, त्यावरच्या टिपण्या, परत पाठवल्याची पत्रं, मंजूर शाळांची प्राधान्य यादी. दहा रुपये शुल्क, उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर प्रथम अपील. शिवाय शिक्षण हक्क कायद्यातली दोन कलमं वापरा. कलम 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि सरकारच्या अनुदानाला तो आधार धरायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो जुन्याची नक्कल करून पाठवला जातो. तुमच्या आराखड्यात खोल्या, शौचालय, स्वयंपाकाची जागा लिहिलेली आहे का ते बघा. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. आम्ही ही तक्रार केल्यावर पहिल्यांदाच आम्हाला सुनावणीला बोलावलं गेलं.

वेळेचंही गणित समजून घ्या, नाहीतर राग चुकीच्या माणसावर निघतो. आमच्याकडे पावसात पाया खणता येत नाही, म्हणजे कामाला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने. 2024 मध्ये 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती उठली तोवर पावसाळा. पाऊस सरला आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली. आचारसंहितेत चालू काम थांबत नाही, पण नव्या कामाचा आदेश निघत नाही. आमचा आदेश नेमका त्यात अडकला. शिवाय मार्च 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होता, त्यामुळे सभेत उठून 'आमच्या गटातल्या शाळेचं काय?' विचारणारा सदस्यच नव्हता. हे कुणाला माफ करण्यासाठी सांगत नाही. कार्यारंभ आदेश कोणत्या महिन्याच्या आत हातात पडायला हवा हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतेय.

टाळं ठोकण्याबद्दल: करू नका. टाळ्याने पहिलं नुकसान मुलांचंच होतं, आणि जे पालक काठावर आहेत ते त्याच आठवड्यात दाखला काढतात. मुलांना उन्हात कार्यालयासमोर बसवणंही मला पटत नाही. पण मोठ्यांनी बसावं. आम्ही 26 जानेवारीला उपोषणाला बसणार अशी आधीच नोटीस दिली, आणि 24 तारखेला आमच्या हातात लेखी आश्वासन आलं. तोंडी आश्वासनावर उठू नका. पदनाम, सही, तारीख असलेला कागद घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत तो मोठ्याने वाचा.

वर्गणीचं म्हणाल तर आमच्या मुंबई मंडळाने एका बैठकीत दोन खोल्यांचे पैसे द्यायची तयारी दाखवली होती. माझा विरोध होता आणि मी खूप बोलणी खाल्ली. शाळा देणं सरकारचं काम आहे, आणि गावाने खोल्या बांधल्या की आमची मागणी तिथेच संपली असं समजलं जाईल ही मला भीती होती. शेवटी मंडळाच्या पैशांतून पत्र्याची शेड, मुलींचं शौचालय आणि एक पाण्याची टाकी केली. मुलं शेडमध्ये गेल्यावर पट घसरायचा थांबला. त्या वर्षी पहिलीत चार नवी नावं आली.

एक मात्र कळकळीने सांगते. तुमच्या उरलेल्या जुन्या खोल्यांमध्ये, पाऊस आहे म्हणून, एक दिवसासाठीसुद्धा मुलं बसवू नका. ऑगस्ट 2017 मध्ये नगरजवळच्या निंबोडीत शाळेची खोली कोसळून तीन मुलं गेली. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात गेली. दोन्ही ठिकाणी मुलं शाळेत, वर्गातच होती. शिक्षकांवर वर्ग तिथे भरवण्याचा दबाव आला तर समितीने लेखी नकार द्यावा, म्हणजे एकट्या शिक्षकावर येणार नाही.

आमच्या दोन खोल्यांचा स्लॅब मेमध्ये, पावसाच्या तोंडावर पडला. फरशी आणि खिडक्या बाकी आहेत, मुलं अजून शेडमध्येच आहेत. काकींना दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे.

तुमच्या प्रश्नात जागा कुणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं नाही. उद्याच सातबारा काढा आणि इथे सांगा, म्हणजे पुढचं नेमकं बोलता येईल.