आवाज बंद कसा करायचा ते शेवटी सांगतो

दोन डिस्कचा नास (ऑफिसच्या फायली ठेवणारा नेटवर्कवरचा डबा), रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच प्रत), तीन कॉम्प्युटरवर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. काल संध्याकाळपासून डबा बीप करतोय, एक दिवा केशरी झालाय, 'पण काम सगळं व्यवस्थित चालू आहे, तेव्हा हा आवाज कसा बंद करायचा? डिस्क वॉरंटीत आहे, पुढच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला देऊन येईन. आणि आता चार डिस्कचा डबा घ्यावा का?' तुमचं हे वाचलं आणि पोटात गोळा आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी अगदी हेच बोललो होतो, याच सुरात.

मी हार्डवेअरवाला नाही. माझी छोटी प्रेस आहे, डीटीपी आणि ऑफसेट. त्यामुळे खालचं सगळं ठेच लागलेल्या माणसाचं आहे, तज्ज्ञाचं नाही. तुमच्या डब्याची कंपनी कोणती ते लिहिलेलं नाही, मेनू थोडा वेगळा असेल. रेडची सगळी शिकवणी घेत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक दिसतंय.

आधी आजचं काम, आणि आजचं म्हणजे आजचंच. बाजारातून एक यूएसबी डिस्क आणा. तिन्ही मशीनवर टॅली बंद करा, एकही चालू राहिलं तर कॉपी अर्धीकच्ची होते. मग टॅलीची आकड्यांच्या नावाची फोल्डरं आधी उचला, मग क्लायंटचे कागद, आणि स्कॅनचे जुने गठ्ठे सगळ्यात शेवटी. 'सगळं सिलेक्ट करून कॉपी' करू नका. उरलेली डिस्क पहिलीइतकीच वापरलेली आहे, आणि तिच्यावरचा कोपरान्‌कोपरा बहुतेक कित्येक वर्षांत प्रथमच वाचला जाणार आहे. मध्येच तिने मान टाकली तर महत्त्वाचं तरी बाहेर आलेलं असू दे. कॉपी झाली की ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून टॅलीत दोन-तीन कंपन्या उघडून बघा. तोवर डब्यातून काहीही उपसू नका.

आता माझं ऐका.

गणपतीच्या आदला आठवडा. वर्गणीच्या पावती पुस्तकांची रांग, नंबरिंग मशीन सकाळपासून चालू, आणि त्यात कुठून तरी टीं... टीं... दोन दिवस आम्ही समजत होतो की यूपीएसची बॅटरी गेली. तिसऱ्या दिवशी मी डब्याच्या स्क्रीनवर गेलो, तिथे लाल अक्षरात 'डिग्रेडेड', म्हणजे दोनातली एक डिस्क निकामी, आणि शेजारी म्यूटचं बटण. फायली उघडत होत्या, प्रिंट जात होत्या. मी म्यूट दाबलं आणि 'विसर्जनानंतर बघू' म्हणालो.

तुम्ही म्हणाल, ईमेल आली नाही का? नाही आली. आमचा डबा जीमेलच्या साध्या पासवर्डने मेल पाठवायचा. ३० मे २०२२ पासून गूगलने तो रस्ता बंद केला, तेव्हापासून वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. दर सोमवारी येणारा रिपोर्ट जूनपासून येत नव्हता आणि माझ्या लक्षातही आलं नाही. न आलेली मेल कोणाला दिसते? नंतर लॉग उघडला तर पहिली डिस्क जुलैपासून खराब सेक्टर मोजत होती. आजच तुमच्या डब्यातून टेस्ट मेल पाठवून बघा.

अनंत चतुर्दशी झाली, ९ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी डिस्क काढली आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. माझी घोडचूक ती हीच. डिस्क वॉरंटीत होती, नवी आठ-नऊ हजारांची, कशाला घालवायचे म्हणून मी थांबलो. काउंटरवरच्या मुलाने सीरियल नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली: ही डिस्क भारतात विकण्यासाठी नव्हतीच. मी ऑनलाइन घेतली होती, दोनशे रुपये स्वस्त बघून, आणि विकणाऱ्याने बाहेरचा माल खपवला होता. मुलगा म्हणाला, ऑनलाइन अर्ज करा. अर्ज केला तर उत्तर आलं, जवळच्या सेंटरला भेटा. पुन्हा गेलो, तर मूळ बिल हवं. बिल नेलं, तर त्यावर सीरियल नंबर नाही म्हणून विकणाऱ्याचं पत्र आणा. विकणारा तोवर दुकान बंद करून मोकळा झालेला. तीन खेपा, तीन टोकन, आणि दर वेळी 'सर, आमच्या हातात काही नाही'. चिडलो होतो, अजून चिडतो, पण खरं सांगायचं तर त्या मुलाचं काय चुकलं? माझी प्रेस त्या तीन आठवड्यांत एका डिस्कवर चालली होती, आणि ते मी चालू दिलं होतं.

नवरात्रात, शनिवारी सकाळी, डब्यातून आवाज आला. बीप नव्हे, ते म्यूटच होतं. टक्, टक्, टक्, मध्ये थांबून पुन्हा टक्. घड्याळात काटा अडकल्यासारखा. त्यावर दोन दिवाळी अंकांची पानं होती, मिळून साडेतीनशेच्या वर, आणि चौदा वर्षांच्या लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड. 'मागच्या वेळेसारखंच छापा' म्हणत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यात होतं.

डेटा रिकव्हरीवाल्याने अडतीस हजार घेतले आणि खूपसं काढून दिलं, पण फोल्डर नाहीत, नावं नाहीत, नुसत्या आकड्यांच्या फायली. हजारो. अंक वाचले ते आमच्या ऑपरेटर ताईंमुळे. नियम होता की काम थेट नासवरच करायचं. त्या मात्र गुपचूप आपल्या डेस्कटॉपवर करायच्या आणि संध्याकाळी टाकायच्या. शिवाय कोरल (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) आपणहून 'बॅकअप ऑफ' नावाची एक प्रत बाजूला ठेवतो, त्याही तिथेच पडलेल्या. मी ज्यासाठी त्यांना दोनदा बोललो होतो, त्याच सवयीने वसुबारसेच्या आत अंक बांधून बाहेर पडले. त्या अजून डब्याला 'नासका' म्हणतात. मी काही बोलत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी शेवटी बदली डिस्क दिली, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, हिरव्या लेबलची. ती मी आजतागायत डब्यात घातलेली नाही.

तर, तुमच्यासाठी: वॉरंटीची वाट बघू नका. कॉपी झाली की आजच नवी डिस्क घ्या, दुकानातून, बिलावर सीरियल नंबर लिहून घेऊन. पाकीट फोडण्याआधी तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा, पारदर्शक पिशवीतून दिसतो. खराब डिस्क काढताना स्क्रीनवरचा सीरियल नंबर आणि डिस्कवरचा नंबर जुळवूनच काढा. घाईत चांगली डिस्क उपसणारे मी दोन पाहिलेत. वॉरंटीतून जी येईल ती कपाटात राखीव.

घेताना एसएमआर डिस्क घेऊ नका, सीएमआर घ्या. एसएमआरमध्ये डेटा लिहायचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, सीएमआरमध्ये सुटे. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून नवी डिस्क घातल्यावरचं रीबिल्ड, म्हणजे चांगल्या डिस्कवरून ती भरून घेणं, तासांचं दिवसांवर जातं. नाससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही आतून एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर बघा. चार टीबी सीएमआर साधारण सात-आठ तासांत भरते, त्या वेळी ऑफिसात काम चालू नसेल तर. रविवारी करा.

चार डिस्कचा डबा? माझं मत: नको. कोणी वेगळं सांगेल, त्यांचंही बरोबर असेल, पण तीन मशीनच्या ऑफिसला दोन डिस्क पुरतात. उरलेल्या पैशांत दोन यूएसबी डिस्क घ्या, एक डब्याला, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. डिस्क मेली तरी काम अडू नये, रेडचा उपयोग एवढाच. कोणी फाइल पुसली किंवा व्हायरसने कुलूप लावलं तर ते दोन्ही डिस्कवर इमानेइतबारे उमटतं. त्यासाठी डब्यात स्नॅपशॉटची (फायली आधीच्या वेळी होत्या तशा परत मिळवायची) सोय असेल तर ती चालू ठेवा.

नवा डबा घ्यायची वेळ आलीच तर कोणत्या डिस्क चालतात ती यादी आधी बघा. सिनॉलॉजी या नास बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये काही नव्या मॉडेलांत आपल्या यादीबाहेरच्या डिस्क अडवल्या होत्या, ओरड झाल्यावर त्याच वर्षी ते सैल केलं. कोण कधी काय बदलेल याचा भरवसा नाही.

घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडून ठेवलं असेल तर बंद करा. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे पडलेले क्यूनॅप कंपनीचे डबे असेच गाठले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्याऐवजी टेलस्केलसारखं, पोर्ट न उघडता घरून जोडून देणारं काहीतरी वापरा.

विषय निघालाच आहे म्हणून: टॅली संथ चालते असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. स्विच बघा, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबल जिथे येतात ती पेटी. जुना शंभर एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर काही जाणार नाही, गिगाबिटवर शंभर-एकशेदहा जातात. आमच्याकडे स्विच नवा होता, पण एक केबल उंदराने कुरतडलेली, त्यामुळे लिंक शंभरवर उतरायची. आणि यूपीएसची यूएसबी वायर डब्याला लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः नीट बंद होतो. नुसता प्लग लावून उपयोग नाही.

राहिला तो आवाज. तो कंट्रोल पॅनेलमधून बंद होतो, बटण सापडायला सोपं आहे. यूएसबी डिस्कवरून टॅली उघडली की इथे लिहा, मग कुठे आहे ते सांगतो.