तक्रार नसताना दर वर्षी सीटी स्कॅन?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली, मग किमो आणि रेडिएशन झाले. आता काही त्रास नाही. पण वाडीतल्या एका बाईंचा आजार यकृतात गेला, तेव्हापासून मुलगा म्हणतो, दर वर्षी छाती-पोटाचा सीटी करून टाकू. करावा का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : त्रास नसेल तर नको. आजार त्याच स्तनात, व्रणाजवळ किंवा काखेत उलटला, तर तो डॉक्टरांच्या हाताला आणि मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) सापडतो. तो वेळेवर सापडला तर पुन्हा पूर्ण बराही होऊ शकतो, म्हणून सगळे लक्ष तिथे हवे. मॅमोग्राफीत दिसणारे, आजाराची खूण असू शकणारे कॅल्शियमचे बारीक कण सीटीत नीट दिसतही नाहीत. हाडे, फुप्फुस, यकृत इथे पसरलेला आजार मात्र तक्रारीच्या थोडा आधी कळला, म्हणून आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. इटलीत 1320 बायकांवर हे तपासून पाहिले होते (निष्कर्ष 1994 मध्ये आले). निम्म्या जणींना ठरावीक काळाने बोन स्कॅन, छातीचा एक्स-रे, यकृताची सोनोग्राफी. बाकीच्यांना नेहमीची तपासणी. जगण्यात फरक पडला नाही. तेव्हा सीटीचा वापर आजच्याइतका नव्हता हे खरे, पण आजचा सल्लाही तोच आहे.

शिवाय छाती-पोट-ओटीपोटाच्या एका सीटीत साधारण 15 ते 20 मिलिसिव्हर्ट (हे किरणांचे माप) किरण अंगावर जातात. निसर्गातून वर्षाला मिळतात सरासरी 2.4.

मग करायचे काय? पहिली तीन वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा, पुढची दोन वर्षे 6 ते 12 महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दर वर्षी. पहिली रेडिएशन संपल्यावर किमान 6 महिन्यांनी. रात्री झोपमोड करणारे आणि आठवड्यागणिक वाढणारे हाडाचे दुखणे, न थांबणारा खोकला, दम लागणे, कावीळ, वजन उतरणे, गळपट्टीच्या हाडावर गाठ, यातले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सीटीची खरी वेळ ती. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा झटका आला तर मेंदूसाठी एमआरआय बरा.

प्रश्न : सीटीसाठी कॉन्ट्रास्टचे (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देतात त्या औषधाचे) इंजेक्शन सांगितले आहे. मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे आणि मधुमेहाची गोळीही चालू आहे.
– एक वाचक, मालवण

उत्तर : कोळंबीची अडचण नाही. ती अ‍ॅलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते, कॉन्ट्रास्टमध्ये असते त्या आयोडीनची नव्हे. आपल्याकडे हा गैरसमज फार पक्का आहे! पूर्वी कॉन्ट्रास्टनेच पुरळ, सूज किंवा दम आला असेल, तर मात्र आधीच सांगा. क्रिएटिनिनचा (किडनीसाठीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. किडनी चांगली असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सहसा बंद करावी लागत नाही. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर स्कॅनपासून 48 तास थांबवतात आणि किडनी पुन्हा तपासून सुरू करतात. स्तनाच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर सुई दुसऱ्या हाताला लावायला सांगा. औषध जाताना अंग गरम होते, लघवी झाल्यासारखे वाटते. ते मिनिटभरात ओसरते. सुईच्या जागी चरचरले किंवा फुगले तर लगेच ओरडून सांगा, औषध शिरेबाहेर जात असते.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन झाले आहे. आता खोकल्यासाठी सीटी केला. रिपोर्टात ‘डाव्या फुप्फुसात पुढच्या बाजूस चट्टा’ असे आहे. आजार परत आला का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. स्तनाला रेडिएशन देताना किरण तिरके येतात आणि फुप्फुसाची पुढची कड त्यात सापडते. काही आठवड्यांनी, महिन्यांनी तिथे सूज येते आणि पुढे व्रणासारखा चट्टा राहतो. त्याची कड सरळ, रेघ मारल्यासारखी असते. रेडिएशन कुठे, कधी झाले हे रेडिओलॉजिस्टला कळले नाही तर घोटाळा इथेच होतो. म्हणून रेडिएशनचा कागद आणि जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नव्हे. मुंबईला दाखवायला निघालात तर सीडी पिशवीत आहे ना ते गाडीत बसण्यापूर्वीच बघा. एका सीडीपायी अख्खा स्कॅन पुन्हा करावा लागतो. चट्टा जुन्या स्कॅनइतकाच असेल तर सहसा नुसते लक्ष ठेवतात. किरणांच्या पट्ट्याबाहेर नवी गोल गाठ असेल तर सुईने तुकडा काढून तपासतात, कारण क्षयाचा डागही तसाच दिसू शकतो. तुकड्यात कर्करोग निघालाच, तर ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का ते सांगणाऱ्या खुणा) आणि हर-2 (पेशींवरचे एक प्रथिन) पुन्हा तपासून मागा. पहिल्या गाठीपेक्षा ते बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरते.