लॅब्राडॉर नर मेटिंगसाठी द्यावा का? मादीच्या बाजूने एक उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्याकडे दोन वर्षांचा देखणा लॅब्राडॉर नर आहे, ओळखीतल्या एका गृहस्थांनी तो त्यांच्या मादीसाठी मागितला आहे, बदल्यात एक पिल्लू देऊ केले आहे, आणि एकदा मेटिंग झाले की नर शांत होतो असेही आपल्याला कुणीतरी सांगितले आहे. शेवटी आपण लिहिले आहे, 'नराच्या बाबतीत तसे गमावण्यासारखे काही नसते ना?' या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलो, कारण 2017 च्या दिवाळीत अगदी हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकले होते.

शांत होण्याचा मुद्दा आधी संपवतो. मेटिंगने नर शांत होत नाही. एका मेटिंगने त्याच्या अंगातील संप्रेरके कमी होत नाहीत. उलट माजावर आलेल्या मादीचा वास ओळखीचा झाला की फाटकापाशी येरझाऱ्या घालणे, जागोजागी पाय वर करणे आणि संधी मिळताच पळून जाणे हे काही नरांत वाढते. त्रास याच गोष्टींचा असेल तर पशुवैद्यांशी नसबंदीविषयी बोलावे. लॅब्राडॉरमध्ये ती फार लहान वयात केल्यास सांध्यांना त्रास होण्याचा संभव वाढतो, पण आपला नर दोन वर्षांचा असल्याने ती अडचण आता उरलेली नाही.

आता माझी हकिकत. आम्ही सांगलीत राहतो आणि साडू कोल्हापुरात. आमची जुई ही फिकट पिवळी लॅब्राडॉर तेव्हा तीन वर्षांची होती. साडूंचा नर चॉकलेटी रंगाचा, रुंद डोक्याचा, दृष्ट लागावी असा होता, आणि केनेल क्लब ऑफ इंडियाचे त्याचे प्रमाणपत्र त्यांनी काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले होते. त्या कागदावर त्याचे आईबाप आणि आजे-पणजे लिहिलेले होते. त्याचे सांधे कसे आहेत हे त्यावर लिहिलेले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. साडूंचे म्हणणे होते की मादीला आयुष्यात एकदा तरी पिल्ले झालीच पाहिजेत, नाहीतर तिला गर्भाशयाचे रोग होतात. हे साफ खोटे आहे. गर्भाशयात पू होण्याचा जो रोग नसबंदी न केलेल्या माद्यांना उतारवयात होतो, तो एकदा व्यायल्याने टळत नाही; नसबंदीने टळतो. पण साडू वयाने मोठे, शिवाय घरातील सर्वांनाच पिल्लांची हौस, म्हणून मी गप्प बसलो.

साडूंच्या नराची एक लकब होती. लांबून पळत येताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारत येई. मुले हसत, आणि साडू कौतुकाने म्हणत, 'बघा, कसा घोड्यासारखा दुडकत येतोय!' तीस वर्षे मी नववी-दहावीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवली आहे, मेंडेलचे वाटाणे फळ्यावर असंख्य वेळा काढले आहेत, आणि तरीही त्या उड्यांचा अर्थ मला कळला नाही. मीही हसलोच.

मादीला नराच्या घरी नेण्याची रीत असते. त्याप्रमाणे रक्तस्राव सुरू झाल्यापासून अकराव्या आणि तेराव्या दिवशी जुईला कोल्हापूरला नेले. दोन्ही वेळा ती दोघे वीसेक मिनिटे एकमेकांना अडकून उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात साडूंनी एक कप चहा घेतला. नराच्या मालकाचे श्रम तेथे संपले.

आमचे तेथून सुरू झाले. साधारण त्रेसष्ट दिवसांचा हिशेब मांडून मी एक वही केली. शेवटच्या आठवड्यात जुईचे तापमान दिवसातून तीनदा घेत होतो, कारण ते 99 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले की सुमारे चोवीस तासांत ती विते, हे मी वाचले होते. जानेवारीतील एका रात्री पारा 98.4 वर आला. दुसऱ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पहिले पिल्लू आले आणि पहाटे साडेचारपर्यंत सहा झाली. त्यानंतर जुई सतत कळा देत राहिली, पण पाऊण तास झाला तरी पिल्लू येईना. अशा वेळी वाट पाहत बसायचे नसते. शेजाऱ्यांची गाडी काढून तिला डॉक्टरांच्या दारात नेले, सिझेरियन झाले, आडवे अडकलेले एक पिल्लू मेलेले निघाले आणि त्याच्यामागचे जिवंत निघाले. ती सहा पिल्ले तोवर घरी टोपलीत, गरम पाण्याच्या बाटल्यांशेजारी, माझ्या पत्नीच्या देखरेखीखाली होती.

सकाळी सात वाजता मी साडूंना फोन केला. मादी कशी आहे, असे त्यांनी विचारले नाही. 'नर किती?' हा त्यांचा पहिला प्रश्न होता, कारण ठरल्याप्रमाणे पसंतीचे एक पिल्लू त्यांना मिळायचे होते.

पुढचे दोन महिने आमचे घर म्हणजे बाळंतिणीची खोली झाली होती. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लांना स्वतःच्या अंगची ऊब राखता येत नाही, म्हणून रात्रभर दिवा लावून एकाने जागायचे. सातही पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांची लोकर सैल बांधली होती आणि स्वयंपाकघरातील तराजूवर त्यांची वजने रोज दोनदा होत. हिरव्या लोकरीचे पिल्लू दोन दिवस एक ग्रॅमही वाढले नाही तेव्हा त्याला दर दोन तासांनी बाटलीने दूध पाजावे लागले. वहीतील खर्चाची बेरीज एकतीस हजारांवर गेली. साडू छत्तिसाव्या दिवशी आले, सर्वांत भरदार नर पिल्लू उचलून घेऊन गेले आणि पंधरवड्याच्या आत त्यांनी ते इचलकरंजीतील कुणाला तरी विकले. 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा 'आपण काय दुकान मांडलंय का?' असे त्यांचे उत्तर होते.

उरलेली पाच पिल्ले आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आम्ही ओळखीच्या घरी दिली आणि एक घरी ठेवले. ऑगस्टमध्ये विश्रामबागेतील माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा फोन आला. त्यांचा सोन्या म्हणजे तीच हिरवी लोकर, आता सात महिन्यांचा, मागून नीट उठत नव्हता. मी गेलो. त्यांच्या घराला तीनच पायऱ्या आहेत. सोन्या मला पाहून शेपूट हलवत आला, पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवले आणि तेथेच थांबून वर बाईंकडे पाहू लागला. बाईंनी खाली येऊन त्याला मागून उचलले. हे रोजचेच झाले असावे, कारण दोघांपैकी कुणालाच त्यात काही विशेष वाटले नाही. मग अंगणात त्याला पळवले, तर तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, सशासारखा.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन गुंगी देऊन एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा म्हणजे उखळीचा सांधा: मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या उखळीत खोल बसलेला असावा लागतो. सोन्याच्या दोन्ही उखळी बशीसारख्या उथळ होत्या आणि डावा गोळा निम्मा बाहेर होता. यालाच हिप डिस्प्लेसिया म्हणतात. महिन्याभराने इस्लामपूरला दिलेल्या मादी पिल्लाचेही तेच निदान झाले. तिसरे एक लंगडते असे कानावर आले, पण त्याच्या मालकांनी एक्स-रे काढला नाही आणि पुढे माझे फोनही घेणे बंद केले.

साडूंना कळवले, तर ते म्हणाले, 'तुमच्या बाईंच्या घरातली ती गुळगुळीत फरशी बघा आधी. माझ्या नराला काय धाड भरली आहे?' तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात हा वाद आमच्यात कधी उघड तर कधी आडून चालू आहे. एक्स-रे काढा म्हटले की त्यांना तो नराचा अपमान वाटत असे. मध्यंतरी त्यांनी त्या नराला आणखी दोन माद्या लावल्या, एकदा पिल्लू घेऊन आणि एकदा पैसे घेऊन. त्या पिल्लांचे काय झाले, हे त्यांना ठाऊक नाही, आणि नराच्या मालकाला ते ठाऊक नसले तरी चालते ही त्यांची समजूत मला त्या रोगापेक्षाही अधिक बोचते. प्रत्येक पिल्लात अर्धा वाटा नराचा असतो, आणि नर वर्षाकाठी कितीतरी वेतांचा बाप होऊ शकतो, त्यामुळे त्याच्यातील दोष मादीपेक्षा फार लांब पसरतो. गमावण्यासारखे काही नसते ते फक्त नराच्या मालकाचे.

आता न्यायाने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हा दोष वाटाण्याच्या रंगासारखा एका जनुकावर चालत नाही. त्यात अनेक जनुकांचा हात असतो, आणि निसरडी फरशी, वाढीच्या वयातील जास्तीचे वजन, लहानपणीच जिन्यावरून उड्या मारणे यांनी तो बळावतो. बाई सोन्याला तुपातली पोळी खाऊ घालत होत्या, हेही खरे आहे. म्हणजे साडूंचे फरशीचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. दुसरी गोष्ट मला लिहायला जड जाते. 2019 मध्ये जुईची नसबंदी करताना मी तिच्या खुब्यांचाही एक्स-रे काढून घेतला. चालण्यात तिचे कधी काही दिसले नव्हते, तरी डावी उखळ थोडी उथळ निघाली. तो एक्स-रे मी साडूंना अजून दाखवलेला नाही. त्यांचा नर मागच्या वर्षी गेला. शेवटचे काही महिने त्याच्या पोटाखालून टॉवेलची झोळी घालून, मागचे अंग उचलून त्याला बाहेर न्यावे लागे, आणि आम्ही कोल्हापूरला असलो की ते टॉवेल मीही धरलेले आहे. तेव्हा एक्स-रेचा विषय आम्हा दोघांपैकी कुणीच काढला नाही.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर आहे: देऊ नये. तरीही देणारच असाल, तर आधी खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे काढून तो हाडांतील जाणकार पशुवैद्यांना दाखवा. दोन वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यामुळे आता दिसेल ते पक्के समजावे. डोळ्यांची तपासणी करा, कारण पडदा क्षीण होत जाऊन अंधत्व आणणारा आनुवंशिक रोग लॅब्राडॉरमध्ये आढळतो. ब्रुसेला या जिवाणूच्या संसर्गासाठी रक्ततपासणी दोघांचीही हवी. तो संसर्ग माणसालाही होऊ शकतो. मादी कधी भटक्या नराकडे गेली असेल, तर संभोगातून पसरणाऱ्या गाठींचा रोग तिला नाही ना, हे डॉक्टरांना बघू द्या. आपल्याकडे तो भरपूर आहे. मेटिंगचा नेमका दिवस ठरवायला दिवस मोजण्यापेक्षा मादीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची चाचणी भरवशाची. मादी अठरा महिन्यांहून लहान नको, आणि वर्षात तिचे दुसरे वेत नको. नियमही तेच सांगतात. पैदास करून पिल्ले विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा समोरच्या गृहस्थांकडे ती आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पिल्लाच्या बोलीवर मात्र नर देऊ नका. सिझेरियनची वेळ आली तर निम्मा खर्च आपला, आणि पुढे कोणत्याही वयात एखादे पिल्लू परत आले तर ते दोघांपैकी कोणाच्या घरी राहील, हे कागदावर आधी लिहा. असा कागद पुढे केल्यावर मागणारे गृहस्थ बहुधा दुसरा नर शोधतील, आणि मग प्रश्नच उरणार नाही.

तोवर आज संध्याकाळी एवढे करा: आपला नर मोकळ्या मैदानात सोडून दुसऱ्या कुणाला तरी त्याला लांबून हाक मारायला लावा, आणि तो पळत जाताना मागून मोबाईलवर चित्रीकरण करा. मग ते सावकाश गतीने लावून मागचे पाय एकामागून एक पडतात की दोन्ही एकदम, ते पाहा.